खिडकीची भाजी

रोज एकाच टेबलावर जेवणाऱ्या माणसांचे किस्से सांगायला बसलं की डबे धुताना होतं तसं होतं. झाकण एकाचं, डबा दुसऱ्याचा! कुठला किस्सा आधी घडला आणि कुठला नंतर, यावरून आमच्यात अजून वाद होतात. म्हणून मला आठवतात तसे मी सांगते. बाकीच्यांनी आपापले सांगावेत, मी कुणाचा हात धरलेला नाही.

आम्ही म्हणजे डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीचं ऑफिस. पुठ्ठ्याची खोकी बनवतो. टेबलाला चौघं. मी कळव्याची, डिस्पॅच बघते. अकाउंट्सला लेलेकाका, रिटायरमेंटला आलेले, शुद्ध शाकाहारी आणि बोलणंही तितकंच शुद्ध. स्टोअरला मंदाताई, आंबिवलीहून येतात, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळचा पहिला 'जय भीम' त्यांचा. आणि कल्याणची प्रणाली. तिच्या तोंडात 'यार' नसेल तर ती झोपलीय असं समजायचं.

*

सुरुवात भेंडीपासून झाली. एक दिवस चार डबे उघडले, चारही डब्यांत भेंडी!

"हा काय भेंडीचा मोर्चा आहे?" लेलेकाका म्हणाले.

त्याच दिवशी नियम झाला. सकाळी फोडणी द्यायच्या आधी प्रत्येकाने आजची भाजी ग्रुपवर टाकायची. पण एका हातात लाटणं असताना टाइप कोण करणार? म्हणून फक्त इमोजी.

तेव्हा कळलं की हे इमोजी बनवणाऱ्यांनी जन्मात भेंडी खाल्लेली नाही! गवार नाही, पडवळ नाही, सुरण नाही. सुशीचे मात्र दोन-दोन प्रकार. मग आमचं आम्हीच ठरवलं. 🥒 म्हणजे दुधी. 🥒🥒 म्हणजे पडवळ. 🥒😭 म्हणजे कारलं. पालेभाजीला हिरवं पान, आणि पानापुढे हिरवा पडलेला चेहरा असला की शेपू. बघता बघता सगळ्यांना पाठ झालं.

*

लेलेकाकांना वांग्याचं भरीत प्राणाहून प्रिय. त्यामुळे त्यांचा आठवड्यातून दोनदा तरी 🍆. प्रणालीला पहिल्या दिवशी ठसकाच लागला.

"ताई, काकांना कुणीतरी सांगा यार! याचा अर्थ वेगळा असतो!"

"तू सांग."

"मी? पागल आहेस का?"

मंदाताई म्हणाल्या, "काय वेगळा असतो?" प्रणालीने कानात सांगितलं. मंदाताईंनी पदर तोंडाला लावला तो लंच संपेपर्यंत काढला नाही.

काकांना कुणीच सांगितलं नाही. मग साहेबांचा वाढदिवस आला. काकूंनी भरली वांगी करून दिलेली. काकांनी साहेबांना मेसेज केला, "जन्मदिनाच्या शुभेच्छा. आपल्यासाठी खास 🍆🍆🍆, दुपारी केबिनमध्ये घेऊन येतो."

साहेब त्या दिवशी दुपारी अचानक साइटवर गेले!

*

बटाट्याचं असं की, 🥔 म्हणजे उठायला उशीर झाला. 🥔🥔 म्हणजे घरी भांडण झालं. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं पडत गेलं.

एकदा सासूबाईंनी वड्यांसाठी बटाटे उकडले आणि बेत रद्द झाला. उरलेल्याची मी दणदणीत भाजी केली आणि भोळेपणाने दोन बटाटे पाठवले. दुपारी लेलेकाकांनी माझ्या झाकणावर गूळपोळी ठेवली. मंदाताई म्हणाल्या, "मी बोलू का तुझ्या मिस्टरांशी?" प्रणाली म्हणाली, "ताई, तू माझ्याकडे राहायला ये यार."

"अगं, काही झालेलं नाही!"

"असंच म्हणतात सगळे," काका म्हणाले.

घरी जाऊन हे नवऱ्याला हसत हसत सांगितलं. तो भडकला. "म्हणजे ऑफिसात माझी बदनामी करतेस?" आणि जे काय वाजलं म्हणता!

दुसऱ्या दिवशी मी तीन बटाटे पाठवले.

*

अंबरनाथची एक पार्टी आहे. माणूस चांगला, पण गाडीला जरा उशीर झाला की मेसेजवर मेसेज. एकदा सकाळपासून त्याची बोंबाबोंब चाललेली आणि गाडी आमच्या गेटवर पंक्चर. त्या गडबडीत, सकाळी आमच्या डब्याच्या ग्रुपवर टाकायचं राहिलेलं ते मी त्याला टाकलं. 🥒🍚🌶️. दुधी, भात, ठेचा.

बघते तर निळ्या टिका! हा आता साहेबांना फोन करणार.

दोन मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. "ओके मॅडम. तीन बजे तक चलेगा."

काय समजला देव जाणे! मी खुलासा केला नाही. तीनला गाडी पोचली. तेव्हापासून कुणीही पार्टी ओरडायला लागली की प्रणाली मान वर न करता म्हणते, "ताई, त्याला काकडी पाठव ना."

*

आता मासा.

मंदाताई नव्या लागल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा 🐟 टाकला. लेलेकाकांचं लगेच उत्तर आलं, 🪟. नुसती खिडकी.

दुपारी मंदाताईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "काका, खिडकीची भाजी कशी करतात वो?"

काका उठले, आपला डबा घेतला, खिडकी सताड उघडली आणि तिच्यापाशी खुर्ची ओढून बसले. "अशी करतात. आणि पाठ तुमच्याकडे करून खातात."

मंदाताई इतक्या हसल्या की त्यांचा बोंबील ताटलीतून पडला. काकाही हसले, पण पाठ करून.

मग ते ठरूनच गेलं. बुधवारी, शुक्रवारी त्यांचा मासा आला की खाली काकांची खिडकी. एखाद्या बुधवारी खिडकी यायला उशीर झाला तर मंदाताई विचारायच्या, "काका बरे आहेत ना?"

*

आणि मग एक दिवस मंदाताईंचा नुसता 🍚 आला. ना मिरची, ना पान. दुसऱ्या दिवशी तेच. बुधवारीही तेच.

टेबलावर मी विचारलंच. त्या आधी पाणी प्यायल्या. "ह्यांच्या मानंला गाठ आलीय. तुकडा काढून तपासायला दिलाय. रिपोर्ट यायचाय."

काकांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. मंदाताईच म्हणाल्या, "आता रोज रोज विचारायचं नाय कुणी. मला फोनवर बोलता येत नाय, रडू येतं. ह्यांना माशाशिवाय घास जायचा नाय, आणि आता घरात मासा आणायचं मनच होत नाय आमचं. रिपोर्ट चांगला आला की पहिला मासा आणणार. ज्या दिवशी मासा टाकीन त्या दिवशी समजा."

"आणि नाही टाकला तर?" प्रणाली बोलून गेली. मी टेबलाखालून तिला लाथ घातली.

"तर भात आहेच की," मंदाताई म्हणाल्या.

तेव्हापासून सकाळी ग्रुप उघडायची मला भीती वाटायला लागली. रोज भात.

*

मध्येच एक घोळ झाला. प्रणालीची मावशी खडवलीची. तिने नदीची ताजी मासळी पाठवली आणि या बाईने सवयीने ग्रुपवर 🐟 टाकला. मी फोनवर फक्त मासा पाहिला. नाव कुठे बघतेय! धडाधड टाइप केलं, "मंदाताईऽऽ! सुटलो हो!" त्याखाली काकांची खिडकीसुद्धा येऊन पडली.

मग मंदाताईंचा मेसेज आला. "माझा नाय तो."

इतकं वाईट वाटलं मला, काय सांगू. प्रणालीने मासा डिलीट केला, मासळी घरी ठेवली आणि ब्रेड-जॅम घेऊन आली. लंचला रडवेली होऊन 'सॉरी ताई, सॉरी ताई' करत राहिली. शेवटी मंदाताईंनीच तिला भात भरवला.

त्यानंतर आमच्या टेबलावर मासा बंद. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. आठवड्यातून तीनदा मासे खाणारी मी, मुकाट्याने दुधी आणायला लागले. चौघं एका रांगेत शाकाहारी! लेलेकाकांनी खूश व्हायला हवं की नाही? तर बुधवारी ते उठले, डबा घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

"काका, आज तर दुधी आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला," काका म्हणाले. "हल्ली फार कोंदट वाटतं इथे."

*

त्या शुक्रवारी माझे दोन्ही हात कणकेत होते. फोन वाजला. ओट्यावरून वाकून बघितलं तर 🐟. या वेळी मी शहाणी झालेले. हात गाऊनला पुसले, आधी नाव वाचलं. मंदाताई. परत वाचलं. मंदाताईच! 🐟🍋🌶️🍚🐟.

मी तिथेच फरशीवर फतकल मारली. नवरा धावत आला. "काय झालं?" मी फोन पुढे केला.

"मासा?" तो म्हणाला.

"हो! मासा!" आणि मी हमसून हमसून रडायला लागले.

त्याने घाबरत विचारलं, "आणायचाय का?"

प्रणालीने नंतर सांगितलं, तिनेही फोन हातात धरून ठेवलेला. मीही काही लिहिलं नाही. पहिलं उत्तर कुणाचं यायला हवं ते आम्हा दोघींना माहीत होतं.

लेलेकाका टाइप करत होते. एका बोटाने करतात ते. थांबले, परत सुरू झाले, परत थांबले. कणीक वाळायला लागली तरी मी जागची हलले नाही. आणि मग आलं ते.

🪟🪟🪟🪟🪟🪟
🪟🪟🪟🪟🪟🪟
🪟🪟🪟🪟🪟🪟
🪟🪟🪟🪟🪟🪟

खाली मंदाताईंनी लिहिलं, "काका, एवढी भाजी कोण खाणार?"