बाळू वाचतो, मी मान हलवतो

आधी पैज लावा. ही गोष्ट संपताना कोन फसलेला असंल, सांगा. नाय सांगता यायचं! मलाच नाय आलं. बाळूचे किस्से गोठ्यातल्या शेनासारखे. रोज काढा, सकाळी परत तेवढेच.

बाळू आमच्या सिन्नरचा, माझा लहानपनचा दोस्त. आता लोक त्याला साहेब म्हनतात. त्यानं कॉम्प्युटरची मराठी पुस्तकं लिवली, कंपनी काढली, मोठी करून विकली, आन आता युनिवर्सिटीला पैका देत सुटलाय. मी रघ्या, त्याचा ड्रायव्हर. तिसरी नापास. एसटीची पाटी वाचतो, ती बी लोकांना इचारून.

* * *

बाळूची एक सवय. पुस्तक छापायच्या आधी तो मला वाचून दाखवायचा. मी मान हलवली की पान प्रेसला. 'नाय समजलं' म्हनलो की पान फाडून परत लिवायचा.

माझ्या बायकोला खरंच वाटंना. "तुमाला इचारून पुस्तक? दळन आनायला धाडलं तर डबा तिथंच इसरता!"

* * *

सुरुवातीला मी खरं बोलायचो. मग ध्यानात आलं, 'नाय समजलं' म्हनलो की बाळू डोकं खाजवत मला नाशकात द्वारका चौकात भजी खायला नेतो. मग काय! एका पानाला मी चार टायम मान आडवी केली.

चौथ्याला तो म्हनला, "रघ्या, नक्की अडलंय काय? डोकं का पोट?"

मी म्हनलो, "आज मिसळ बी चालंल."

पन चार टायम लिवलेलं तेच पान पुस्तकात सगळ्यात झ्याक झालं म्हनतात!

* * *

कंपनी विकायच्या आधी तिथं एक नवा इंजिनियर आला. मला मीटिंगमधी बघून म्हनला, "सर, ह्यांना काय कळणार?"

बाळू म्हनला, "म्हनून तर बसवलाय."

इंजिनियरनं पासवर्ड समजावला. म्हंजे मशीनचं कुलूप. मी म्हनलो, "कुलूप लय भारी. पन सगळ्यांनी किल्ली चिठ्ठीवर लिवून मशीनलाच चिटकवलीय. चोर आंधळाच येनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी हापिसात एक चिठ्ठी दिसंल तर शपथ!

* * *

आता मोठा किस्सा. बाळूला युनिवर्सिटीला कॉम्प्युटरची इमारत बांधून द्यायची व्हती. कळवन, पेठकडच्या डोंगरातल्या पोरांना त्यांच्या बोलीत शिकवायला. बाळू सोता कॉलेजात पैल्या वर्षी इंग्रजीत काय कळंना म्हनून पेटी घेऊन घरी पळून आला व्हता. ते त्याला अजून सलतं.

अट एकच. "काय शिकवनार ते आधी रघ्याला समजलं पायजे. नायतर एक वीट लागनार नाय."

कुलगुरू सोता माझ्या घरी आले, बाळू बी व्हता. कोट, फाईल, बाळूसाठी शाल-नारळ. बाळूनं ती शाल माझ्याच गळ्यात टाकली.

कुलगुरूंनी वाचलं. मी म्हनलो, "नाय समजलं."

आठ दिवसांनी परत आले. "नाय समजलं."

तिसऱ्या टायमाला त्यांनी कोट काढला, खाली मांडी घातली, माझ्या घरातले कांदे घेतले. "रघुनाथराव, मोठा कांदा इकडं, बारकी गोल्टी तिकडं. मशीन आकडे असेच निवडतं." घामानं पार भिजले व्हते.

एवढा मोठा मानूस जमिनीवर कांदे मांडतोय! मजा सोडवंना. मी म्हनलो, "नाय समजलं!"

कुलगुरूंनी फाईल मिटली. इमारत गेली म्हना ना.

बाळूनं माझ्या मानेकडं बघितलं. "खरंच नाय?"

"नाय."

"मग सर, बांधा इमारत. पैला विद्यार्थी हाच. हा पास झाला की वरचा मजला."

खालचा मजला झाला. पोरं शिकतात, मला आजोबा म्हनतात. पैल्या बाकावर मी, रोल नंबर एक. दोनदा नापास झालोय. वर सळया आभाळाकडं बघत उभ्या, आन कुलगुरू दर आयतवारी मला शिकवायला कांदे घेऊन माझ्या दारात!

शेवटी गाडीत बाळूला कबूल केलं. "बाळ्या, मला दुसऱ्याच टायमाला समजलं व्हतं रं."

"ठावं हाय. खोटं बोलताना तुझी मान जरा डावीकडं जाती. पैल्या पुस्तकापासनं."

"मग भजी का चारली? आन आता मला सोड की!"

बाळू खिडकीतून भायेर बघत म्हनला, "गाडी हळू घे. शनवारी तुझा पेपर हाय."