अर्लच्या आजीचा शब्द

रस्त्याकडेला दफनभूमी दिसली की अर्ल गाडी थांबवायचा. मागच्या सीटवर पाण्याची बाटली आणि एक मऊ ब्रश कायम असे. शेवाळ धरलेला एखादा दगड तो हलक्या हाताने धुवायचा आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचायचा. ओळखीचं कुणी नसलं तरी. “नाव दगडावर राहतं,” म्हणायचा, “पण ते वाचायला माणूस लागतो.”

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला तो आमच्या शेजारी राहत होता. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. पहिल्या भेटीत मी हात पुढे करून ‘टिम’ म्हणालो. इथल्या ऑफिसांत तीस वर्षं मी टिमच होतो. मराठी मंडळातली पुण्याची पोरंसुद्धा मला टिमकाका म्हणतात. अर्लने हात सोडला नाही. विचारलं, “तुझी आई काय म्हणायची?” त्र्यंबक म्हणायची, मी सांगितलं. दोन आठवडे तो कुंपणापलीकडून ते नाव घोटत राहिला. जमल्यावर मात्र त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

अर्लचे पूर्वज स्कॉटलंडमधून उत्तर आयर्लंडला गेले आणि काही पिढ्यांनी तिथून व्हर्जिनियाच्या डोंगरांत आले. अशा लोकांना काय म्हणायचं, यावर इथे अजून वाद चालतो. शिकलेले म्हणतात, ‘स्कॉट्स-आयरिश’ म्हणा. स्कॉच ही प्यायची वस्तू. आयर्लंडकडचे आणखी तिसरंच नाव सांगतात. अर्लची आजी स्वतःला ‘स्कॉच-आयरिश’ म्हणायची, आणि अर्लपुरता वाद तिथे मिटला होता. वाचनालयात एका प्राध्यापकाने त्याची चूक काढली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही तुमच्या पुस्तकात लिहा. आजी चुलीपाशी काय म्हणायची ते मी लिहितो.”

आणि लिहिलं. आजीच्या आठवणींच्या तीन वह्या भरल्या. टाइप करायचं काम मी मागून घेतलं. त्याला मोतीबिंदू होता, म्हणून प्रुफंही मीच तपासायची होती. “तू बघितलंस ना? मग झालं,” एवढंच तो म्हणाला.

पुस्तक छपाईला पाठवायच्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला कुणी अडाणी समजायला नको. जन्म सॉफ्टवेअरमध्ये घालवलेला माणूस मी. एक कमांड दिली आणि पुस्तकभर ‘स्कॉच’चं ‘स्कॉट्स’ झालं. आजीच्या तोंडच्या वाक्यांतसुद्धा. अर्लला विचारलं नाही. तो नाही म्हणेल हे मला माहीत होतं.

वाचनालयात छोटा कार्यक्रम झाला. अर्लची थोरली बहीण मार्था आजीचा उतारा वाचायला उभी राहिली आणि मध्येच थांबली. “आजी असं म्हणायचीच नाही,” ती म्हणाली. “अर्ल, शिकलेल्यांना घाबरलास होय?” लोक हसले. अर्लने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदी कपाकडे पाहत राहिलो. मग तो म्हणाला, “माझ्याकडून झालं.”

घरी येताना गाडी मी चालवत होतो. वाटेत दफनभूमी लागली, पण त्याने थांब म्हटलं नाही. दारात उतरताना म्हणाला, “थँक यू, टिम.”

एकदाच. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून पुन्हा त्र्यंबक ऐकू आलं. त्या गोष्टीचा उल्लेख त्याने कधी केला नाही. मीही केला नाही. मार्था मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर त्याला टोचत राहिली आणि तो ऐकून घेत राहिला. गेल्या हिवाळ्यात तो गेला. अंत्यविधीच्या वेळीही ती म्हणाली, भाऊ चांगला होता, पण आजीच्या बाबतीत कच्चा निघाला.

बर्फ वितळल्यावर मी तिच्याकडे गेलो आणि सांगून टाकलं. अर्ल कुणाला घाबरला नव्हता. शब्द मी बदलला आणि भर सभेत गप्प बसलो. ती आत जाऊन पुस्तक आणि पेन घेऊन आली. “बस,” म्हणाली, “नीट कर.”

एका कमांडने केलेलं हाताने निस्तरायला दोन दुपारी लागल्या. प्रत्येक ठिकाणी ती ते वाक्य आजीसारखं म्हणून दाखवायची, मग मी खोडून वर लिहायचो. शेवटच्या पानावर चूक कुणाची तेही लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली.

मार्थाने चष्मा पुसला आणि ते नाव मोठ्याने वाचून पाहिलं. अर्लसारखं जमलं नाही. तिने पुन्हा वाचलं.