भटू मिस्तरी, मी आणि गिटारची मान

आमच्या तळोद्याच्या वर्कशॉपमधला भुसा रोज संध्याकाळी झाडला जातो. किस्से मात्र कोणी झाडत नाही, ते साचतच जातात!

मी आधी गिटार दुरुस्त करायचो, भटू मिस्तरी खाटा आणि चौकटी करायचे. आता दोघं मिळून बँडवाल्यांसाठी इलेक्ट्रिक गिटार बनवतो.

* * *

लाकूड घ्यायला वखारीत गेलो, की मिस्तरी प्रत्येक सागवानी फळीला कान लावून टकटक करतात. एकदा वखारवाल्याने वैतागून विचारलं, "मिस्तरी, आत कोनी शे का?"

मिस्तरी म्हणाले, "शे, पन बेसूर शे!"

आणि पुढच्या फळीकडे वळले.

* * *

गिटारच्या मानेत, म्हणजे नेकमध्ये, लोखंडी सळई बसवतात. पहिल्यांदा ती पाहून मिस्तरींना रागच आला. "लाकूडवर तुन्हा भरोसा नही का?"

मी समजावलं, "दादा, तारांच्या ओढीने नेक वाकते. सळई तिला सरळ ठेवते."

मिस्तरींनी थोडा विचार केला. मग माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "मंग एक मन्ही कंबरमां बी टाकी दे!"

* * *

नेक हातात बसायला हवी, म्हणून मिस्तरी गिऱ्हाइकाकडून पंजाचं माप मागवतात. म्हसावदच्या एका पोराने कागदावर पंजा काढून जीपवाल्याबरोबर पाठवला. मिस्तरींनी चार दिवस खपून त्या मापाची नेक घडवली.

पोरगा आला, गिटार हातात घेतली, तर बोटं पलीकडे पोचेनात!

"हाऊ पंजा कोना शे रे?"

"पप्पाना! मन्हा हात केळीना चीकमां भरेल व्हता, कागद खराब व्हई जाता."

"मंग पप्पालेच शिकाड!" मिस्तरी म्हणाले.

आता म्हसावदला बाप गिटार वाजवतो आणि पोरगा केळीच्या बागेत असतो.

* * *

रनाळ्याच्या एका गुरुजींनी वडिलांच्या जुन्या खाटेचं सागवान आणून दिलं. त्याची आम्ही बॉडी केली. गिटार घ्यायला ते आईला घेऊन आले. गुरुजींनी डोळे मिटून पहिला कॉर्ड छेडला.

माउलीने पदर डोळ्यांना लावला. आम्हीही गहिवरलो.

"खाट व्हती तवय बी असीच करकर करे!" माउली म्हणाली.

* * *

मिस्तरींच्या मुलीच्या, ज्योतीच्या लग्नात वरात मंडपाच्या दाराशी आली. बँडच्या गाडीवर आमचीच गिटार वाजत होती, पण अडखळत. उकाड्याने नेकवरचं पॉलिश चिकट झालं होतं, वाजवणाऱ्याचा अंगठा सरकत नव्हता.

मिस्तरींनी स्वागताचा हार माझ्या हातात कोंबला आणि गाडीवर चढले. गाणं बंद! नव्या सफारीच्या खिशातून त्यांनी पॉलिश पेपर काढला. मुलीच्या लग्नात!

व्याही लालबुंद झाले. "मुहूर्त जाई ऱ्हायना!"

"दोन मिनिट, याही! अंगठा अडकी ऱ्हायना!"

वर्कशॉपमध्ये आम्ही लाकूड शिकंज्यात आवळून मग घासतो. इथे कुठला शिकंजा? गिटार हलत होती, मिस्तरी चिडत होते. मला वाटलं, आता हे लग्न मोडतंय!

तेवढ्यात नवरदेव घोड्यावरून उतरले, गाडीवर चढले आणि दोन्ही हातांनी गिटार गच्च धरून उभे राहिले.

"घट धरा जावईबापू, हालू नका!" मिस्तरी घासायला लागले. सगळी वरात श्वास रोखून बघतेय!

माळ हातात घेऊन ज्योती दारापर्यंत आली आणि ओरडली, "पप्पा, तो मन्हा नवरा शे, शिकंजा नही!"