पायरीवरचं नाव

कासारवाडी स्टेशनजवळची जुनी दगडी धर्मशाळा एका कंपनीने ऑफिससाठी घेतली, तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. दुरुस्तीच्या कामावर मी ओव्हरसिअर होतो. चुलींच्या काजळीने काळ्या पडलेल्या भिंती खरवडायच्या, ओवऱ्यांत लाकडी पार्टिशनं घालायची, पंखे लावायचे. काम मी जीव लावून केलं, पण डोळा होता दारातल्या पायरीवर.

त्या पायरीवर धर्मशाळा बांधणाऱ्याचं नाव कोरलं होतं आणि खाली 'येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायधूळ लागावी'. केवढी ती नम्रता! तापाने फणफणलेल्या मला कडेवर घेऊन आई मोशीहून गाडीसाठी आली, तेव्हा याच माणसाच्या नातवाने, धर्मशाळेच्या पंचाने, तिला पायरीला पाय लावू दिला नव्हता. आमच्या जातीची धूळ त्यांना नको होती. आईने हे सांगितलं की माझं डोकं फिरायचं.

जुनं दार बुजवून तिथे खिडकी करायची ठरली आणि पंच धावत आला. त्याच्या तोंडी मी आता 'राव' झालो होतो.

"राव, तेवढा दगड वर भितीत बसवा. आता कारखान्याची मानसं येनार. कोन कुटला, कंच्या जातीचा, आज्याच्या नावावर पाय दिल. बरं दिसतं का?"

"साहेबांना विचारतो," मी म्हणालो.

कंपनीचे साहेब मद्रासकडचे, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. मी दगडावरच्या ओळीचा अर्थ नीट सांगितला. देणाऱ्याची इच्छा मोडू नये, असं तेच म्हणाले. मग कामगारांच्या दारात ये-जा जास्त असते, हे मी सुचवलं. एक अक्षर खोटं बोललो नाही. दगड मी स्वतः उभा राहून त्या दाराची पायरी म्हणून बसवून घेतला.

पुढे कंपनीने मला देखभालीला ठेवून घेतलं. शिफ्ट सुटली की शेकडो पाय त्या नावावरून जात, आणि मी चहा पीत बघत बसे.

एक दिवस पंच तिथे आला. पोराला कंपनीत चिकटवायचं होतं. उचललेला पाय त्याने मागे घेतला.

"राव, जरा भाईर येता का?"

"आत या ना. इथे कुणाला अडवत नाहीत."

तो बराच वेळ घुटमळला. मग वहाणा काढल्या, दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि आजोबाच्या नावावर पाय देऊन आत आला. मी मुद्दाम त्याच्या पायांकडेच बघत होतो.

नोकरी देणं माझ्या हातात नव्हतं. ते मी त्याला आत आल्यावर सांगितलं.