आक्काताईंच्या देखण्या फायली

आक्काताई कांबळे यांना कुठलंही काम उरकून टाकलेलं खपत नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर राजारामपुरीतल्या घरी त्यांनी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं स्कॅन करून द्यायचं मनावर घेतलं, आणि घरातलं जेवणाचं टेबल कायमचं गेलं. पान तिरकं आलं की पुन्हा स्कॅन. कडेला अंगठा दिसला की पुन्हा. शेवटी तयार होणारी पीडीएफ अशी देखणी, की दृष्ट लागावी. ती ज्याला पाठवायची त्याला हा देखणेपणा काय कामाचा, हे मात्र बाईंच्या गावीही नव्हतं!

शिवकुमार हा त्यांचा पहिला वाचक. गडहिंग्लजकडचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. इतिहासाचा पेपर एकदा राहिलेला. यंदा राहिला तर वडील कॉलेज सोडवून घरी बसवणार होते. मोबाईल त्याला फाइल वाचून दाखवायचा. आक्काताईंनी इतिहासाचं जाडजूड पुस्तक पाठवलं आणि फोन केला, "कसं हाय?"

"एक नंबर, आक्का."

आक्काताई हरखल्या. आणखी पुस्तकं रवाना झाली. "लई भारी," शिवकुमार म्हणाला. परीक्षा तोंडावर आली तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "दुसऱ्या प्रकरणात काय हाय, सांग बघू."

शिवकुमारनं शेवटी खरं सांगून टाकलं.

"आक्का, रागावू नका. मोबाईल नुसतं 'पान रिकामं' म्हणतोय. तुमी एवढं राबताय, तुमास्नी नावं कशी ठेवायची?"

"आरं, मग सांगायचं न्हाईस व्हय? तुझं वर्ष वाया चाललं की!"

आक्काताईंनी चौकशी केली. त्यांची पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो. त्यातली अक्षरं मोबाईलला कळतच नव्हती. त्यांनी फोटोतली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम घेतला, त्याच्या चुका निस्तरल्या आणि साधी टेक्स्ट फाइल पाठवली. वर दम भरला, "आता खोटं बोललास तर बघ."

"वाचतंय, आक्का. पण सगळं सलग हाय. सातवं प्रकरण पायजे असलं तर पयल्यापासनं ऐकत बसायचं."

मग वर्ड. प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करून भागत नाही. ते शीर्षक म्हणून नोंदवलं, की मोबाईल थेट तिथं उडी मारतो. आक्काताई शिकल्या, चडफडत का होईना. फाइल गेली. शिवकुमारचा काही पत्ता नाही. बाईंचा जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. शिवकुमार नुसता तणतणत होता.

"आक्का, काय केलंय हे? नववं प्रकरण आठव्यातच घुसलंय! शीर्षकच न्हाय त्याला. किती हुडकायचं मी? परीक्षा माझी हाय का तुमची?"

आक्काताईंना असं तोंडावर आजवर कुणी सुनावलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं नवव्या प्रकरणापर्यंत पोचलं होतं.