शेवटच्या सकाळचा ठसका

टांगानिका तळ्याकाठच्या तंबूत आम्ही मायलेकी दोन दिवस बसून होतो, पण चिंपांझीचं शेपूटही दिसलं नव्हतं. त्यांना शेपूट नसतंच, हे लेकीनं मला तिथं सांगितलं. ती आफ्रिकेत नोकरीला असते. तिनं बोलावलं तेव्हा आमच्या गावात, सांगवीत, सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं, "माकडं बघाया एवढ्या लांब?" द्राक्षांची छाटणी उरकून मी हट्टानं निघाले. आता एकच सकाळ उरली होती. दुपारी बोट आम्हाला परत नेणार होती.

चिंपांझी डोंगरावरून खाली उतरल्याची खबर घेऊन वाटाड्या आला. नेमकी तेव्हाच मी पावाला ठेचा लावून खात होते. मिरची आमच्याच रानातली, लवंगी. घाईत घास घेतला आणि असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं. वाटाड्या जागीच थबकला. तिथला नियम कडक होता. माणसाचा आजार चिंपांझींना लागतो, म्हणून खोकणाऱ्याला जंगलात नेत नाहीत. आईंना इथंच राहू दे, असं तो लेकीला म्हणाला.

माझा संताप संताप झाला. "आजार न्हाय, ठसका हाय म्हनावं! खाऊन बगा म्हनावं!"

"आई, हळू बोल गं," लेक अवघडून म्हणाली.

मी ऐकते कुठली? पावाच्या तुकड्यावर बोटभर ठेचा लावून त्याच्यापुढे धरला. भला माणूस, त्यानं अख्खा तुकडा तोंडात टाकला. पुढच्याच क्षणी तो माझ्याहून मोठ्यानं खोकत पाण्याच्या पिंपाकडे पळाला. आचारी पोट धरून हसायला लागला.

डोळे पुसत वाटाड्यानं अट घातली: अर्धा तास थांबायचं, एकदा जरी खोकला आला तर जायचं नाही. मी गुळाचा खडा दाढेखाली धरून बसले. घसा खवखवत होता, तरी हूं की चूं केलं नाही. अर्ध्या तासानं त्यानंच माझ्या हातात काठी दिली.

चढ उभा होता, वेली अंगावर येत होत्या. पण जन्मभर उसात शिरणाऱ्या बाईला त्याचं काय? लेकच मागं धापा टाकत होती.

वर पोहोचल्यावर मास्क लावून उभ्या राहिलो. झुडपातून एक लेकुरवाळी चिंपांझी आली. थांबली. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग आमच्याकडे पाठ करून बसली आणि पोराच्या केसांत बोटं घालून उवा निवडायला लागली.

माझा ऊर भरून आला. गाईगुरांत आयुष्य गेलंय माझं. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे जनावर पाठ करत नाही.

"आई, रडतेस?" लेकीनं कानाशी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "तिला कळलं बग, माज्यापासनं तिच्या पोराला धोका न्हाय."