कुरडयांवर बसलेली राख

परळीजवळच्या आमच्या वस्तीवरून राखेचे ट्रक जायचे. वीजकेंद्रात कोळसा जाळून उरलेली ती राख वीटभट्ट्यांवर जायची. त्यातल्याच एका ट्रकवर आमचे वडील ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. घरी आले की त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. आम्ही दोघी बहिणी त्यांच्या पाठीवर बोटानं आपापलं नाव लिहायचो आणि ते हसत उभे राहायचे. आज आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र त्याच्यासारखी मजा दुसरी नव्हती.

उन्हाळ्यात आई कुरडया करायची. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा आणि पहाटे उठून शिजवायचा. साचा फिरवायला शेजारच्या बायका यायच्या. गरम चिकात दूध-साखर घालून आम्ही वाटीभर खायचो. ती चव पुन्हा कुठं मिळाली नाही.

मी सातवीत होते त्या वर्षी अंगणातल्या बाजेवर धोतर अंथरून आईनं कुरडया घातल्या. तासाभरात तीन ट्रक उघडेच गेले आणि ओल्या कुरडया राखाडी झाल्या. शेजारच्या काकू तोंडाला येईल ते बोलत होत्या. आईनं त्यांना एका बाजूनं धरायला सांगितलं आणि दोघींनी कुरडयांसकट बाज उचलून रस्त्याच्या मधोमध ठेवली.

त्यानंतर आलेला ट्रक नेमका दादांचा होता. ते खाली उतरले आणि साच्यावर आलेल्या एवढ्या बायका रस्त्यात बघून ओशाळले. घरी बोलू, असं हळूच म्हणाले.

"ताडपत्री कामून बांधली न्हाई?" आईनं विचारलं.

बांधण्या-सोडण्यात वेळ जातो, खेपा कमी होतात, मालक बोलतो, असं दादा सांगत राहिले. आईनं एक कुरडई उचलून त्यांच्या हातावर ठेवली.

"खा. तुमच्या लेकी बी हेच खाणार हायत."

दादांनी ती तोंडात घातली. दाताखाली राख कचकचलेली मला उभ्या जागी ऐकू आली. त्यांनी केबिनमधून ताडपत्री काढली, ट्रकवर चढले आणि चारी बाजूंनी आवळून बांधली. मागं थांबलेल्या दोन ड्रायव्हरांनाही त्यांनी बांधायला लावली. मगच आईनं बाज हलवली.

पुढं महिनाभर सगळेच ट्रक झाकून जात होते. मग एकेकानं सोडून दिलं. दादांनी कधी सोडलं नाही. पण खोकला त्याआधीच छातीत बसला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी राखेचं काम बंद करायला सांगितलं, तेव्हा आम्ही आईच्या माहेरी, पाटोद्याकडं राहायला गेलो. दादांनी शेळ्या घेतल्या. खोकला कमी झाला, दम मात्र राहिला.

अजूनही गप्पा निघाल्या की दादा त्या वस्तीचीच आठवण काढतात. "लई चांगले दिवस व्हते," म्हणतात आणि श्वास घ्यायला थांबतात. मीही हो म्हणते. मलाही तसंच वाटतं.